वादळी रात्री झोप उडाली असता कथा कशी उतरवून घ्यावी

कोकणात मे महिना उतरणीला लागला की घराघरांतून आगोटीची लगबग सुरू होते. घर शाकारून घेतले जाते, लाकडे फोडून पडवीत रचली जातात, डाळी, मीठ, मिरची, सुकी मासळी, सांडगे, पापड असा सारा ऐवज डब्यांत भरून माळ्यावर चढतो, कारण एकदा पाऊस लागला की पुढे काही आणायला जाता येत नाही आणि आणलेले वाळवताही येत नाही. वादळी रात्री अचानक कथा सुचली आणि बसल्या बैठकीला वीस-पंचवीस पाने लिहून झाली, असे सांगणारे लेखक मला जेव्हा जेव्हा भेटतात, तेव्हा त्यांनीही अशी काही आगोट कधीतरी केलेली असणार आणि ती केल्याचे ते विसरले असणार, असे मला वाटते. अशा रात्रीचा कथालेखनासाठी उपयोग कसा करून घ्यावा, हे पुढे सांगितले आहे. त्यातला बराचसा भाग त्या रात्रीच्या आधीचा आणि नंतरचा आहे, हे आरंभीच सांगून ठेवलेले बरे.

माझ्या अनुभवातील एक रात्र उदाहरण म्हणून घेतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत होते तेव्हा मी रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावच्या घरी होतो. वीज दुपारीच गेली होती. रात्री दीडच्या सुमारास आढ्याजवळचे एक कौल सरकले, माजघरात धार लागली, सगळे उठले, पातेली-बादल्या मांडल्या गेल्या, आणि मग बाकीचे पुन्हा आडवे झाले तरी माझी झोप जी गेली ती गेलीच. मी पडवीच्या दाराआड, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात बसून पहाटे चारपर्यंत लिहिले. सत्तावीस पाने झाली. छापलेल्या कथेत त्यांतले जेमतेम दीड पान उरले आहे. तरीही लेखनाच्या दृष्टीने ती रात्र मी चांगल्या रात्रींत मोजतो, आणि ती का, ते पुढे ओघाने येईल.

अशी रात्र उपयोगी का पडते

पहिले कारण अगदी साधे आहे. वीज नाही, फोनला जाळे नाही, कोणी येणार नाही, आणि आपल्यालाही कुठे जाता येणार नाही. त्यामुळे एरवी लेखनाला लागणारी पळवाट शिल्लकच राहत नाही. दुसरे कारण आवाजाचे. पत्र्यावर किंवा कौलांवर एकसारखा पडणारा पाऊस बाकीचे बारीकसारीक आवाज गिळून टाकतो. भिंतीपलीकडे कोणी खोकले, कुत्रे भुंकले, तरी ते कानापर्यंत पोहोचत नाही. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अपरात्री जाग्या असलेल्या माणसाची पारख करण्याची शक्ती थकलेली असते. हे वाक्य बरे आहे की नाही, हा प्रसंग कोणी आधी लिहिला आहे का, आईने हे वाचले तर तिला काय वाटेल, असले प्रश्न विचारणारा जो मनातला कारकून असतो, तो पेंगत असतो. विजेच्या प्रत्येक कडकडाटाने अंग मात्र सावध झालेले असते. सावध अंग आणि पेंगणारा कारकून अशी जोडी दिवसा सहसा जमत नाही.

हीच स्थिती लेखनाला घातकही आहे, कारण पारख थकलेली असल्यामुळे जे लिहिले जाते ते त्या वेळी सगळेच अप्रतिम वाटते. म्हणून रात्रीकडे उतरवून घेण्याचे काम सोपवावे आणि निवडण्याचे काम दिवसासाठी राखावे. पुढची प्रत्येक सूचना या एका वाटणीतून निघालेली आहे.

वादळी रात्रीच्या लेखनाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणून 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीची लेखिका मेरी शेली हिचे नाव घेतले जाते, आणि ते नीट पाहिले तर फार उपयोगी आहे. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, आणि त्याच्या परिणामाने पुढच्या वर्षी, म्हणजे १८१६ मध्ये, युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. त्या थंड, पावसाळी जूनमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी कवी लॉर्ड बायरन, त्याचा डॉक्टर पोलिडोरी, कवी पर्सी शेली, मेरीची सावत्र बहीण क्लेअर क्लेअरमाँट आणि अठरा वर्षांची मेरी ही मंडळी पावसामुळे घरात अडकून पडली. भुताच्या गोष्टी वाचून झाल्यावर प्रत्येकाने तशी एक गोष्ट लिहावी असे बायरनने सुचवले. यानंतरचा भाग लोक विसरतात. मेरीला काही सुचेना. रोज सकाळी तिला विचारले जाई की गोष्ट सुचली का, आणि रोज तिला नाही म्हणावे लागे, हे तिने स्वतःच १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. त्या दिवसांत बायरन आणि शेली यांच्या जीवनतत्त्वाविषयी, मृत शरीरात प्राण आणता येईल का याविषयी दीर्घ गप्पा चालत आणि ती त्या बहुतेक मुकाट्याने ऐकत असे. अशाच गप्पा मध्यरात्र उलटून गेल्यावर संपल्या, ती अंथरुणावर पडली, झोप लागेना, आणि मिटल्या डोळ्यांसमोर तिला तो निर्माता आणि त्याने उभा केलेला देह दिसला. सकाळी तिने सांगितले की गोष्ट सुचली आहे.

या हकिगतीत शिकण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. सुचण्याआधी कित्येक दिवस नकाराचे आणि ऐकण्याचे गेले. त्या दिवशी तिने जे वाक्य प्रथम लिहिले, नोव्हेंबरमधल्या उदास रात्रीचे, ते 'फ्रँकेन्स्टाइन'च्या १८३१ च्या आवृत्तीत पाचव्या प्रकरणाच्या आरंभी येते. म्हणजे रात्रीने दिलेली सुरुवात ही पुस्तकाची सुरुवात ठरली नाही. आणि पुस्तक प्रसिद्ध झाले ते १ जानेवारी १८१८ रोजी, म्हणजे त्या रात्रीनंतर सुमारे दीड वर्षाने. जाता जाता आणखी एक: तिने स्वतः केलेल्या वर्णनात, डोळे उघडल्यावर तिला बंद झडपांतून आत येऊ पाहणारे चांदणे दिसले असे आहे. त्या उन्हाळ्यात वादळे भरपूर झाली, परंतु नेमक्या त्या घटकेला आकाश उघडलेले होते. कडकडाट नंतरच्या सांगणाऱ्यांनी त्या खोलीत आणून बसवला.

लेखकाची आगोट

आगोटीत काय साठवावे, तर कथानके साठवू नयेत. वहीत कथानक लिहून ठेवले की ते तिथेच वाळते आणि रात्री कितीही पाऊस पडला तरी त्याला कोंब फुटत नाही. त्याऐवजी प्रश्न साठवावेत, आणि तेही एखाद्या माणसाविषयीचे, ज्याचे उत्तर आपल्याला खरोखर ठाऊक नाही असे. माझ्या वहीत तौक्तेच्या आधी सुमारे दोन वर्षे एक ओळ पडून होती: आजोबा गेल्यावर आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली, तेव्हा तो कागद तिने वाचला होता का? आमच्या भागात अशा आत्या घरोघरी आहेत, त्यामुळे यात कोणा एकीची गोष्ट नाही. पण त्या ओळीला उत्तर नव्हते, आणि म्हणूनच ती जिवंत राहिली.

प्रश्नाच्या जोडीला दोन-चार वस्तू आणि एखादा आवाज टिपून ठेवावा. सही करताना पुढे केलेला शाईचा पॅड, तहसील कचेरीबाहेरच्या टंकलेखकाची खुर्ची, कागद फडफडू नये म्हणून त्यावर ठेवलेले अडकित्त्याचे वजन. अशा नोंदी दहा-बारा झाल्या तरी पुरे. महिन्यातून एकदा वही चाळावी, पण त्यावर लिहिण्याचा आग्रह धरू नये. रोज सकाळी नकार देणाऱ्या मेरीची आठवण ठेवावी आणि त्या नकाराच्या दिवसांना लाजू नये.

साहित्याच्या तयारीबद्दल थोडक्यात सांगतो. पावसाळी हवेत कागद सादळतो आणि सादळलेल्या कागदावर शाईचे पेन फुटते. म्हणून शिसपेन्सिल किंवा साधे बॉलपेन घ्यावे. पाण्याचा थेंब पडला तर शाई वाहून जाते, पेन्सिलीचे अक्षर राहते. बांधीव वहीपेक्षा सुटे कागद आणि एक पाठपुठ्ठा बरा, कारण ओले पान बाजूला काढता येते. मात्र प्रत्येक कागदावर लिहायला घेण्यापूर्वीच क्रमांक घालावा, नाहीतर पहाटे वाऱ्याने पाने उधळली की कथेचा क्रम दैवावर सोपवावा लागतो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशाशी ठेवावेत. उजेडासाठी चार्जिंगचा दिवा भिंतीकडे तोंड करून ठेवावा, म्हणजे डोळ्यांवर येत नाही. मेणबत्ती किंवा कंदील लावायचा तर वाऱ्याच्या वाटेत आणि कागदांच्या ढिगाजवळ ठेवू नये. पहिल्या पावसाच्या सुमारास उजेडावर पाखरांची झुंबड उडते; दिव्याखाली पाण्याचे ताट ठेवले की त्यांतली निम्मी तरी त्यात पडतात. संगणकावर लिहिण्याची सवय असेल तर वादळ जवळ येण्यापूर्वीच त्याची तार भिंतीतून काढून घ्यावी आणि बॅटरीवर चालेल तेवढेच लिहावे. विजा होत असताना तारेच्या फोनला, नळाला आणि खिडकीच्या गजांना हात लावू नये. कितीही काव्यमय वाटले तरी खिडकीत बसून लिहू नये.

प्रत्यक्ष त्या रात्री

अंथरुणावर पडून साधारण वीस मिनिटे उलटली आणि झोप येत नसेल तर उठावे. निद्रानाशावर उपचार करणारेही हाच सल्ला देतात, कारण तळमळत पडून राहिल्याने अंथरूण आणि जागरण यांची मनात सांगड बसते. उठल्यावर आधी घराचे पाहावे. कुठे गळते आहे का, दारे लागली आहेत का, म्हातारे माणूस किंवा लहान मूल घाबरले आहे का, हे पाहून झाले की मगच बसावे. हे मी केवळ कर्तव्यबुद्धीने सांगत नाही. अर्धवट सोडलेले घरातले काम लिहिताना मागे उभे राहते आणि दर पाच मिनिटांनी ओढत नेते.

बसल्यावर पहिले वाक्य हवामानाचे लिहू नये. बाहेर इतके काही चाललेले असते की हात आपोआप तिकडेच वळतो, आणि मग वारा, झाडे, विजा यांचीच तीन पाने होतात. ती लिहिताना आपण लिहितो आहोत असे वाटते, पण माणूस एकही आलेला नसतो. त्याऐवजी साठवलेल्या प्रश्नातल्या माणसाच्या हातात एखादी वस्तू द्यावी आणि त्याला ती हलवायला लावावे. माझ्यापुढे त्या रात्री माजघरातली पातेली होती, म्हणून मी आत्याच्या हातात पातेले दिले. ती गळतीखालचे भरलेले पातेले उचलते, रिकामे सरकवते, आणि उचलता उचलता भावाला विचारते, "दादा, तो कागद कसला होता रे?" इतके लिहून झाल्यावर मला काही शोधावे लागले नाही, दोन वर्षे वहीत बसलेली बाई बोलू लागली होती, आणि मला फक्त ऐकून लिहायचे होते.

या वेगात हात मागे पडतो. त्यासाठी काही युक्त्या आहेत. शिरोरेषा देऊ नये. देवनागरीत अर्धा वेळ तीच खाते. मोडी लिहिणारे कारकून आधी कागदभर रेघा ओढून घेत आणि मग खाली अक्षरे हात न उचलता लिहीत जात, ते उगीच नव्हे. शिरोरेषा नसली की घाईत भ आणि म, घ आणि ध यांची गल्लत होते, पण ती दुसऱ्या दिवशी संदर्भाने सुटते. ओळींत दुप्पट अंतर सोडावे, कारण मंद उजेडात ओळ ओळीवर चढली तर काहीच वाचता येत नाही. कागदाच्या एकाच बाजूला लिहावे. गावाचे, माणसाचे, झाडाचे नाव आठवले नाही तर तिथे सरळ "अमुक" लिहून पुढे जावे. माझ्या सत्तावीस पानांत एकोणीस अमुक होते आणि त्यांतला एक अमुक तर कथेचा नायक होता. संवाद आले तर नुसते संवाद लिहावेत; तो म्हणाला, ती उद्गारली, हे नंतर घालता येते, किंबहुना बहुतेक वेळा घालावे लागतच नाही.

मागचे वाचू नये. हा नियम सर्वांत कठीण आहे आणि सर्वांत जास्त मोडला जातो. दोन पाने झाली की मागे वळून पाहण्याचा मोह होतो, एक विशेषण खटकते, ते बदलावेसे वाटते, आणि त्या एका विशेषणाबरोबर तो पेंगणारा कारकून जागा होऊन टेबलापाशी येऊन बसतो. काही खटकले तर समासात एक आडवी रेघ मारावी आणि पुढे जावे. रेघ मारली की मनाला दखल घेतल्याचे समाधान मिळते.

ओघ मध्येच आटला तर घाबरून जाऊ नये, आणि सुरुवातीपासून कथा पुन्हा लिहायला तर मुळीच घेऊ नये. मला बहुधा दोनच गोष्टींचा उपयोग झाला आहे. एक म्हणजे त्या खोलीत तिसरे कोण आहे, हे विचारणे. आत्या आणि भाऊ बोलत असताना ओघ थांबला, तेव्हा मी पलीकडच्या खोलीत भावाची सून जागी असल्याचे लिहिले, आणि दोघांचेही आवाज लगेच खाली आले. दबक्या आवाजात माणसे वेगळेच बोलतात. दुसरी म्हणजे निवेदन बदलणे. "ती" ऐवजी "मी" घालून एक परिच्छेद लिहून पाहावा. पटला नाही तर परत फिरावे, मागचे न खोडता. याउपरही काही हलले नाही तर उठून पातेली पाहून यावे. चहा करायचा असेल तर आधी विचार करावा: पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे तीन वाजता घेतलेला चहा सकाळी आठलाही साधारण अर्धा आपल्यात असतो, आणि सकाळी झोपणे हा तर या पद्धतीचाच एक भाग आहे.

केव्हा थांबावे

शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली येते, आणि त्या सुमारास लेखनाचाही कस उतरतो, असा माझा अनुभव आहे. खुणा ओळखता येतात. एकच शब्द एका पानावर चारदा येतो, माणसे एकमेकांना उपदेश करू लागतात, आणि कथेचा अर्थ काय हे कथेतलाच कोणीतरी सांगू लागतो. ही तिसरी खूण दिसली की पेन्सिल खाली ठेवावी.

याच्या उलट उदाहरण देता येईल, आणि ते द्यायला हवे. फ्रान्झ काफ्का या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या लेखकाने प्रागमध्ये २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहापासून २३ तारखेच्या सकाळी सहापर्यंत एका बैठकीत एक संपूर्ण कथा लिहिली. बसून बसून पाय इतके आखडले की ते टेबलाखालून ओढून काढणे कठीण झाले, अशी नोंद त्याच्या रोजनिशीत आहे, आणि लिहावे ते असेच, असेही त्याने तिथे म्हटले आहे. ती कथा थोर आहे. परंतु त्याच सकाळी त्याने विमा कार्यालयातल्या आपल्या वरिष्ठांना प्रकृतीचे कारण सांगणारी चिठ्ठी पाठवली, हेही लक्षात ठेवावे. त्याच्या तिन्ही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, आणि रात्रभराच्या बैठकीत कथा मावते तशी कादंबरी मावत नाही हे त्याचे एक कारण असावे, असे मला वाटते. ज्यांना सकाळी आठची लोकल पकडायची आहे किंवा दूध घ्यायला उठायचे आहे, त्यांनी पहाटे चारला थांबावे हे उत्तम.

थांबताना प्रसंग पुरा करू नये. भाऊ उत्तर द्यायला तोंड उघडतो, तिथे थांबावे, आणि शेवटच्या कागदावर तीन गोष्टी साध्या भाषेत लिहाव्यात: या क्षणी प्रत्येक माणसाला काय हवे आहे, लगेच पुढे काय घडणार आहे, आणि खोलीत कोणता आवाज येतो आहे. हा कागद सर्वांत वर ठेवावा. मग कागद पिशवीत घालून झोपावे. झोप नाही आली तरी डोळे मिटून आडवे व्हावे.

इथे एक इशारा द्यायला हवा. वादळामुळे एखादी रात्र जागून काढणे वेगळे. वादळ नसतानाही अनेक रात्री झोपेची गरजच वाटत नाही, विचार धावत सुटतात, बोलणे आणि खर्च वाढतो, आणि लेखन मात्र थोर वाटते, असे होऊ लागले तर ती प्रतिभेची भरती समजून आनंदात राहू नये. ते आजाराचे लक्षण असू शकते, आणि त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. उलट बाजूने, आठवड्यातून तीन-चार रात्री झोप येत नसेल आणि असे महिनोन्महिने चालले असेल, तरीही डॉक्टरांकडे जावे. कथा तोवर वाट पाहील.

नंतरचे दिवस

दुसऱ्या दिवशी ते वाचू नये. रात्रीची धग अंगात असते, त्यामुळे एकतर सारेच सुंदर दिसते किंवा सारेच टाकाऊ. दोन दिवसांनी, भर उजेडात, जेवणानंतर नव्हे तर सकाळी, पाने क्रमाने लावून हाताने किंवा टंकून जशीच्या तशी उतरवावीत. नकलताना सुधारणा करू नये, फक्त गिचमिड झालेली अक्षरे सोडवावीत. फार थांबूही नये. आठवडा उलटला की स्वतःचेच शिरोरेषाहीन अक्षर परक्याचे वाटू लागते.

नक्कल झाल्यावर खरी निवड सुरू होते, आणि वादळी रात्रीच्या लेखनाचे ठरावीक दोष ठाऊक असले की ती सोपी जाते. माणसे गरजेपेक्षा मोठ्याने बोलत असतात, कारण लिहिणाऱ्याच्या कानांत गडगडाट असतो. निर्णयाच्या क्षणी हटकून वीज कडाडते. मराठीत तर नादानुकारी शब्दांची इतकी श्रीमंती आहे की धो धो, सों सों, कडाड, घोंघावणे, भणाणणे यांतले दोन-तीन प्रत्येक पानावर येऊन बसलेले असतात. माझ्या सत्तावीस पानांत आत्याने प्रश्न विचारताच वीज चमकली होती, भाऊ ओरडला होता, आणि नंतर त्याने पाऊण पान कबुलीजबाब दिला होता. दोन दिवसांनी मी वीज काढली, ओरडणे काढले, कबुलीजबाबही काढला. ती प्रश्न विचारते, आणि भाऊ म्हणतो, "पातेले भरले बघ." हे वाक्य मी रात्रीच, सहाव्या पानावर, दुसऱ्याच कुठल्यातरी संदर्भात लिहिलेले होते. ते शोधून योग्य जागी आणणे एवढेच दिवसाचे काम होते, पण रात्री ते उतरले नसते तर दिवसा मला ते सुचले नसते.

अमुकांच्या जागा भरताना वस्तुस्थितीही तपासावी, कारण रात्री काळाचे भान नसते. माझ्या कथेतले हक्कसोडपत्र कोणत्या वर्षीचे, हे ठरवल्याशिवाय आत्याचा प्रश्न किती धारदार आहे ते कळत नव्हते. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांप्रमाणे जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये झाली आणि देशभर २००५ मध्ये. सही त्याआधीची की नंतरची, यावर भावाची घाई आणि तिचे न वाचणे यांचा अर्थ बदलतो.

वादळाबाबतही हीच शिस्त लावावी. वादळ कथेत ठेवायचे की नाही, याची कसोटी अशी की त्याने काही काम केले पाहिजे. रस्त्यावर आंबा आडवा पडल्यामुळे परत जाणारा माणूस त्या रात्री घरी राहतो, वीज गेल्यामुळे पत्र वाचायला दुसऱ्याची मदत घ्यावी लागते, तरीची होडी बंद असल्यामुळे खाडीपलीकडचा डॉक्टर येत नाही. असे असेल तर वादळ ठेवावे, केवळ मनातल्या खळबळीचे चित्र म्हणून असेल तर काढून टाकावे. आणि ठेवलेले वादळ त्या ऋतूचे, त्या गावचे असावे. कोकणात आषाढ-श्रावणातला पाऊस संततधार असतो, त्यात विजांचा खेळ तुलनेने कमी. विजा आणि गडगडाट अधिक दिसतात ते मृगाच्या आगेमागे आणि परतीच्या पावसात, हस्त नक्षत्राच्या सुमारास. देशावरचा वळीव बहुधा दुपार कलल्यावर येतो, कधी गारा घेऊन येतो, आणि तासाभरात आकाश मोकळे होते. त्याला पहाटेपर्यंत ताणून धरू नये. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, म्हणून जुलैच्या तुफानात आपला नायक ट्रॉलर घेऊन निघाला असेल तर तो कायदा मोडतो आहे हे निदान लेखकाला ठाऊक असावे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की अंतर साधारण किलोमीटरांत मिळते. हे कथेत फार उपयोगी पडते, कारण अंधारात मोजणारे एखादे मूल बारावरून नवावर आणि नवावरून तिनावर आले की लेखकाला वादळाचे वेगळे वर्णन करावे लागत नाही.

मूळ पाने फेकू नयेत. ओलसर कागद एकमेकांना चिकटण्यापूर्वी सुटे करून, दोरीवर नव्हे तर वर्तमानपत्राच्या घडीत, वजनाखाली वाळवावेत. उन्हात टाकले तर ते वाकतात. वाळल्यावर वरच्या कोपऱ्यात तारीख, गाव आणि लिहिण्याची वेळ घालून दोऱ्याने बांधून ठेवावेत. तौक्तेची माझी सत्तावीस पाने अजून आहेत. अकराव्या पानाच्या मधोमध गळतीचा एक गोल डाग आहे आणि त्या डागाखालचे वाक्य पेन्सिलीने लिहिलेले असल्यामुळे अजूनही वाचता येते.